रस्ता खणताच डक्ट टाका

महोदय,

सोलापुरात इंटरनेट कंपन्यांची स्पर्धा आहे की नाही, हे तुम्ही कुठे राहता यावर ठरते. होटगी रस्त्यावरच्या नव्या अपार्टमेंटमध्ये दोन-तीन कंपन्यांची माणसे कनेक्शनसाठी मागे लागतात. आमच्या पूर्व भागातल्या गल्लीत एकच फायबर, तीही विजेच्या खांबांवरून लोंबकळणारी. जोडाच्या डब्याला पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो दारात उभा आणि इंटरनेट बंद म्हणून माल पाठवायला लागणारे ऑनलाइन ई-वे बिल निघत नाही, अशी वेळ आम्हा कारखानदारांवर वारंवार येते. तक्रार केली की ‘माणूस पाठवतो’ एवढेच उत्तर. दुसरीकडे जायची सोयच नाही, मग घाई कोण करणार?

स्पर्धा आली की गुंतवणूक येतेच, असे सर्रास सांगितले जाते. मोबाइलमध्ये ते बरेचसे खरे ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, डेटा स्वस्त झाला आणि इतरांनाही फोर-जीवर पैसा ओतावा लागला. पण त्या दरयुद्धात अनेक कंपन्या मोडल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र आल्या. मोठ्या खासगी कंपन्या तीनच उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनीही पाठोपाठ दर वाढवले.

फायबरचे गणित याहून अवघड आहे. तिथे मोठा खर्च केबलचा नसतो, खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. गल्लीत दुसरी कंपनी आली तर खर्च तेवढाच, गिऱ्हाइके मात्र वाटून घ्यायची. म्हणून ती येत नाही. आणि ती येणार नाही हे पहिलीला पक्के ठाऊक असेल, तर खांबावरची केबल ती जमिनीखाली कशाला नेईल?

महापालिका जलवाहिनी आणि ड्रेनेजसाठी रस्ते खणतेच. त्याच चरात रिकामे डक्ट, म्हणजे नंतर केबल ओढता येईल अशा पोकळ नळ्या, टाकावेत आणि ठरावीक भाड्याने कोणत्याही कंपनीला, अगदी स्थानिक केबलवाल्यालाही वापरू द्यावेत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सर्वांना खुल्या सामायिक डक्टची तरतूद आहे. मात्र हे डक्ट एकाच कंपनीच्या ताब्यात देऊ नयेत, नाहीतर खांबावरची मक्तेदारी जमिनीखाली जाईल. सुरुवातीचा बोजा महापालिकेवर पडेल, पण तो भाड्यातून हळूहळू वसूल करता येईल.

आयुक्तांना विनंती, की ड्रेनेजच्या यापुढच्या प्रत्येक निविदेत डक्टची अट घालावी आणि सुरुवात पूर्व भागापासून करावी.

— एक टॉवेल उत्पादक, सोलापूर