धुराचा हिशेब मांडा

मा. संपादक,

पावसाळ्यात गल्लीत धूर फवारणीचे यंत्र घरघरत येते, पोरं मागे धावतात, आणि किती घरांत फवारणी झाली याचा आकडा जाहीर होतो. त्याने डेंगी कमी झाला का, हे मात्र कुणी सांगत नाही. धूर उडत्या डासांपुरता. बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. शिवाय डेंगी एखाद्या वर्षी उसळतो, एखाद्या वर्षी आपोआप ओसरतो. त्याचे श्रेय फवारणीला कसे द्यायचे?

त्यासाठी तुलना लागते. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहराचे २४ भाग पाडले, सोडत काढून त्यातल्या १२ भागांत वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडले (हा जिवाणू असलेल्या डासात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही). उरलेल्या भागांच्या तुलनेत तिथे डेंगीचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी भरले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोल्हापुरात एवढा खटाटोप नको. राजारामपुरी, शाहूपुरी, कसबा बावडा अशा भागांत दर १०० घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती (याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात), हे फवारणीच्या मोहिमेआधी आणि नंतर मोजा. तपासणीत निश्चित झालेले रुग्ण, खासगी दवाखान्यांतले धरून, आठवड्यागणिक त्याच भागाच्या नावे मांडा. मोहीम उशिरा पोहोचणारे भाग आपसूक तुलनेला मिळतील. फक्त ती आधी कुठे न्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवावे, कुणाच्या फोनवर नव्हे.

– एक वाचक, कोल्हापूर