सुधाकरला पत्र: रात्रभराचा वर्ग आणि एक धोटा

इंदूर,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

सकाळचे सात वाजलेत. रात्रभर जागून आत्ताच घरी आलोय. सुनंदा म्हणतेय, आधी झोप, पत्र दुपारी लिही. पण दुपारपर्यंत थांबलो तर सगळं गुळमुळीत करून लिहीन, म्हणून पोह्यांची बशी बाजूला सारून बसलोय. फोन करता आला असता. पण या विषयावर फोनवर तू लगेच दुसरं काहीतरी काढतोस आणि मीही काढू देतो. म्हणून पत्र.

कामगारांच्या इतिहासावर कॉलेजात खुली व्याख्यानं ठेवायचीत, हे मी तुला दिवाळीत बोललो होतो. चार शनिवार ठरले. पहिले तीन कॉलेजच्या हॉलमध्ये झाले. विद्यार्थी आले, प्राध्यापक आले, प्रश्नोत्तरं झाली. ज्यांच्याबद्दल आम्ही बोलत होतो त्यांच्यातले मात्र मोजून तिघे आले. मागच्या रांगेत बसले आणि चहा न घेता निघाले. त्यातल्या एका काकांना मी जिन्यात गाठलं. ते म्हणाले, तुमच्या फाटकावर वहीत नाव लिहायला लावतात, कोणाकडे आलात म्हणून विचारतात. उभ्या जन्मात मिलच्या फाटकावर तेच केलं, आता नको वाटतं. मला तीन आठवडे हे सुचलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

चौथा शनिवार म्हणजे काल. तो रात्रभराचा करायचा, असं आधीपासूनच मनात होतं. याला अमेरिकेत टीच-इन म्हणतात. २४ मार्च १९६५ ला मिशिगन विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पहिलं टीच-इन झालं. तिथल्या प्राध्यापकांनी खरं तर एक दिवस वर्ग बंद ठेवायचं ठरवलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्यांनी बेत फिरवला: दिवसाचे वर्ग नेहमीसारखे घ्यायचे आणि रात्री पुन्हा शिकवायला बसायचं. सुमारे तीन हजार माणसं उजाडेपर्यंत बसली. पुढे ऑक्टोबर १९९६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कामगार संघटना आणि प्राध्यापक असेच दोन दिवस एकत्र बसले. कोलंबिया म्हणजे बाबासाहेबांचं कोलंबिया. तिथून महूपर्यंतचा धागा तुला मी सांगायला नको.

कॉलेजने हॉल रात्री नऊपर्यंतच मिळेल असं कळवलं. आधी मी चिडलो. मग आपल्या परदेशीपुऱ्यातल्या गणपती मंडळाच्या पोरांनी त्यांचं सभागृह दिलं. तेच रे, जिथे अनंत चतुर्दशीच्या झांकीचं सामान पडलेलं असतं. एका कोपऱ्यात मोडक्या हत्तीची सोंड आणि दिव्यांच्या माळा, मध्ये सतरंज्या. आणि तिथे माणसं आली, सुधाकर! कानटोप्या घालून, काठ्या टेकत, नातवांचा हात धरून आली. दहा वाजता बसायला जागा नव्हती. वही नव्हती, वॉचमन नव्हता, आणि ती जागा त्यांची होती.

पहिला तास मी घेतला, नारायण मेघाजी लोखंड्यांवर. १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. एवढंच. त्यातला रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. त्याआधी २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन बायकाही उठून बोलल्या. मी हे सांगितलं आणि वाइंडिंगमध्ये काम केलेल्या एक आजी खालूनच मोठ्याने म्हणाल्या, "क्या बोलीं वो?" कोणीतरी एकदम नेमका प्रश्न विचारावा तसं झालं. मी इतकी वर्षं ती दोन वाक्यं वर्गात शिकवतोय, पण त्या बायका काय बोलल्या असतील, हे मला एकाही विद्यार्थ्याने विचारलेलं नाही. मग त्या आजीच बोलल्या, वीस मिनिटं. तान्ह्या पोराला पाळीच्या वेळी कोणाकडे ठेवायचं, दूध आटू नये म्हणून काय करायचं, मिल बंद पडली तेव्हा बायकांची नावं यादीत कशी मागे राहिली. कोणी हललं नाही.

रविवारवरून साहजिकच हुकुमचंद मिलची गोष्ट निघाली. डिसेंबर १९९१ मध्ये ती बंद पडली तेव्हा ५,८९५ कामगार होते. थकलेल्या पैशांसाठी ते वर्षानुवर्षं दर रविवारी मिलच्या फाटकावर जमत राहिले. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा निकाल लागला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती आणि दोन हजारांहून जास्त माणसं वाट पाहता पाहता गेली होती. लोखंड्यांनी जो रविवार विश्रांतीसाठी मागितला, तो आपल्या माणसांनी फाटकावर उभं राहून घालवला. बाराच्या सुमारास लाल झेंडावाले आणि काँग्रेसच्या इंटक युनियनवाले म्हातारे, लाल झेंड्याचे होमी दाजी मोठे की इंटकचे द्रविड मोठे यावरून असे भिडले की चहा मध्ये आणावा लागला. १९६२ ला दाजी अपक्ष म्हणून खासदार झाले, त्या निवडणुकीतल्या घोषणा एका काकांना अजून पाठ आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

दीडच्या सुमाराला विणकामावर बोलायचं होतं. बोलणारी मुलगी तरुण आहे, संशोधन करते, फार नीट बोलते. ती सुरू करणार इतक्यात एका काकांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला धोटा काढला, मागावर आडवं सूत नेणारा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, झिजून काळाभोर झालेला. तुला आठवत असेल, तसाच एक आमच्या कपाटावर असायचा. ते उभे राहिले आणि पोरांना दाखवायला लागले: कांडी संपली की नवी कांडी अशी घालायची, आणि सूत या बारीक भोकातून बाहेर काढायला तोंड लावून असा श्वास ओढायचा. त्यांनी खरंच ओढला. त्या शांततेत तो बारीक सुस्कारा मला लहानपणीचा ऐकू आला. दिवसातून किती वेळा, मोजदाद नाही, ते म्हणाले. सुताबरोबर कापूस आत जायचा, आणि आधीच्या माणसाची थुंकीही.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, याच कारणाने मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. ज्या धोट्याला त्यांचं तोंड लागलं त्याला बाकीचे तोंड लावणार नाहीत म्हणून. विणकामात पैसे जास्त, म्हणजे जास्तीच्या पैशांचं दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. मालकाविरुद्ध एकजूट मागता, मग या दाराचं काय? तो संप सहा महिने चालला आणि त्यावर रकानेच्या रकाने लिहिलं गेलंय. हा प्रश्न मात्र त्यात एखाद्या ओळीत उरकलेला असतो. मीही वर्गात तसाच उरकत आलोय.

मागून रिंग खात्यातले, म्हणजे सूतकताईतले, एक गृहस्थ उठले. आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. म्हणाले, "मॅडम, ये बंबई की और अट्ठाईस की बात नहीं है." मग सांगत गेले. जेवणाच्या सुट्टीत ते लूम खात्यात जाऊन उभे राहायचे, पाहून पाहून काम शिकले. बदलीची जागा निघाली तेव्हा मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, तू रिंगमध्येच बरा आहेस. कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी जात काढली नाही, आवाज चढवला नाही. तीनदा गेले, तीनदा तेच उत्तर. चौथ्यांदा गेले नाहीत. धोटा हातात घेतलेले काका उभेच होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मालूम तो सबको था." आणि खाली बसले.

सुधाकर, त्या क्षणापासून माझ्या डोळ्यांपुढे मिलचं मागचं फाटक आहे.

आपण सातवीत असू. अकराच्या सुट्टीला दोघे डबे घेऊन जायचो. तुझ्याकडे अण्णांचा, माझ्याकडे बाबांचा. ते दोघे लिंबाखाली बसून जेवायचे. एक दिवस तू विचारलंस, "काका, लूमवर पगार जास्त असतो ना? मग आमचे अण्णा लूमवर का नाहीत?" माझे बाबा म्हणाले, "ज्याला जे काम येतं ते." अण्णा काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. मग आपण विहिरीकडे पळालो. हे मला पन्नास वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं आणि काल रात्री लिंबाच्या सावलीसकट आठवलं.

अण्णांना काय येत नव्हतं रे? आमच्या शिलाई मशीनचा गेलेला दट्ट्या त्यांनी घरी बसून घडवला होता. पेटी दुरुस्त करायचे. बाबा त्यांना भाऊ मानायचे, आणि मनापासून मानायचे, यात मला आजही शंका नाही. मोर्च्यात दोघे एका फळीत चालायचे. पण त्या दिवशी बाबांनी तुला दिलेलं उत्तर खरं नव्हतं आणि ते त्यांना माहीत असणार. बाबा आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही. त्यांच्या वतीने तुझी माफी मागण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे ठरवायचं तू. माझ्यातर्फे मात्र मागतो. कामगारांच्या एकजुटीवर मी तीस वर्षं व्याख्यानं दिली आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने बारा वर्षांचा असताना विचारलेला प्रश्न विसरून बसलो.

अण्णा तुला त्याबद्दल कधी काही बोलले का? लूमसाठी त्यांनी अर्ज केला होता का, की मागितलंच नाही? सांगावंसं वाटलं तरच सांग.

नंतरची रात्र भराभर गेली. तीन वाजता लेबर कोर्टातल्या एका वकीलबाईंनी नव्या कामगार संहिता समजावल्या. जुने २९ कायदे गुंडाळून ४ संहिता केल्यात आणि २१ नोव्हेंबरपासून त्या लागू झाल्यात. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून पुढे लागायची, आता ३०० पासून. हे ऐकताच म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली, त्यांना उदाहरण द्यावं लागलं नाही. घरपोच खाणं पोचवणारी सात-आठ पोरं शेवटची ऑर्डर टाकून, पाठीवरच्या पेट्यांसकट आली होती. कायद्यात पहिल्यांदा त्यांचं नाव आलंय. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचेत. पण कायद्याच्या व्याख्येतच ते मालक-नोकर या नात्याबाहेरचे आहेत. त्यामुळे किमान वेतन, आठ तास हे त्यांना लागूच होत नाही. एका पोराने विचारलं की आठ तास आले कुठून. तेव्हा मी सांगितलं, इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला जन्मलेला माणूस १९४२ ते १९४६ देशाचा मजूरमंत्री होता. त्याने आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. तो पोरगा दर १४ एप्रिलला महूला जातो. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. या एका गोष्टीसाठीसुद्धा विद्यापीठांनी असे वर्ग घ्यायला हवेत, हे मी आता कुलगुरूंनाही सांगायला तयार आहे.

उजाडता उजाडता धोटावाले काका आणि रिंगवाले गृहस्थ बाहेर टपरीवर एकाच बाकावर बसलेले दिसले. काय बोलत होते कळलं नाही. मी जवळ गेलो नाही.

पुढचं सत्र ११ एप्रिलला, शनिवारी, त्याच सभागृहात. जोतिबांची जयंती आहे, आणि लोखंडे त्यांचेच सत्यशोधक. त्या रात्री विषय एकच ठेवलाय: गिरणीतली खाती आणि जात. ती मुलगी येणार आहे, रिंगवाल्यांनीही हो म्हटलंय. तू यावंस असं मला फार वाटतं. बोललास तर अण्णांबद्दल बोल, नाहीतर नुसता माझ्याजवळ बस. तुझ्या ट्रंकेत अण्णांचं हजेरी कार्ड आहे, मी पाहिलंय. त्यावर खात्याचं नाव असेल. आणायला जीव धजावला तर आण. झेरॉक्स नको, ते कार्डच आण, मी कोणाच्या हातात देणार नाही.

नागपूरहून रात्रीची गाडी धरलीस तर सकाळी स्टेशनवर मी असेन. वहिनींनाही आण, सुनंदाने माडीवरची खोली आजपासूनच तुमची केलीय. सांध्यांचं औषध बरोबर ठेव, एप्रिलातही पहाटे इथे गार असतं. उत्तर पत्रानेच पाठव.

तुझा,
दिनू