बुबू, मला नारळ खवायला बसवलंस म्हणून

प्रिय बुबू,

तुला मराठी येत नाही आणि माझी तुझ्या भाषेतली मजल 'बुला' न् 'विनाका'च्या पुढे फारशी जात नाही. तुझी नात हे पत्र इंग्रजी करून तुला वाचून दाखवणार आहे. पण आजीला लिहायचं म्हटलं की मला मराठीतच सुचतं, आणि आमच्याकडे आजीला अगंतुगंच करतात. तेवढं चालवून घे.

मी येणार होते एका रात्रीपुरती. ऑकलंडहून फिजीतल्या नांदीपर्यंत तीन तासांचं विमान, तिथून बसनं बा नावाचं गाव, आणि बाच्या बाजारातून एका मालवाहू ट्रकच्या फळीवर बसून डोंगरातल्या तुझ्या गावी. बाजारात यांगोनाची, म्हणजे कुटून पाण्यात कालवून पितात ती, मुळं विकणारे काका मला बघताच हिंदीत सुरू झाले. 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून 60 हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांत राबायला इथं आणली गेली. त्यांची ती हिंदी, भोजपुरीत मुरलेली. मला निम्मीच कळत होती. काकांनी अर्धा किलो मुळांची जुडी वर्तमानपत्रात बांधून दिली आणि दोनदा बजावलं, गावात शिरताना टोपी काढ.

मी टोपी आणि गॉगल, दोन्ही चढवून शिरले.

तू काही बोलली नाहीस. नुसता स्वतःच्या केसांवरून हात फिरवलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस. टोपी तूच का काढून घेतली नाहीस ते मला नंतर कळलं: दुसऱ्याच्या डोक्याला हात लावत नाहीत तुमच्यात. मग तुझ्या मुलानं माझ्या वतीनं ती जुडी तुरांगा नी कोरोंपुढे, म्हणजे गावच्या प्रमुखापुढे, ठेवली, बराच वेळ काहीतरी बोलला. मला त्यात माझं नाव आणि 'इंदिया' एवढंच समजलं. पोकळ ओंजळीच्या टाळ्या वाजल्या आणि सेवुसेवू, म्हणजे पाहुण्याला गावात घेण्याचा विधी, झाला. करवंटीतनं आलेल्या त्या मातकट पाण्यानं जीभ बधिर झाली, हेही खरं. चव मला आवडली नाही, बुबू. आता सांगते.

गवती छपरांची घरं बघायला लोक त्याच डोंगरातल्या नवालाला जातात. मलाही तसंच काही बघायचं होतं. तुझं घर निघालं पत्र्याचं. गवताचं होतं, ते फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन वादळानं नेलं, असं तू हातानं उडवून दाखवलंस. त्या वादळात देशात 44 माणसं गेली. शाकारलेली उरलीय ती मागची चूल तेवढी. मी थोडी हिरमुसले होते. लाज वाटते आता.

त्या रात्री पाऊस लागला आणि सकाळी नदी पुलावरून वाहत होती. एका रात्रीच्या चार झाल्या. माझे सगळे कपडे भिजले, तर तू तुझा फुलाफुलांचा सुलू-चांबा, लांब झगा न् खाली लुंगी, काढून दिलास. रविवारी तोच घालून मी तुमच्याबरोबर देवळात बसले. देऊळच म्हणते मी चर्चला, माझ्या तोंडात तेच येतं. माझ्या दोन बाजूंना दोन वेगळे सूर आणि मधे मी गप्प.

पण आभार मानायचेत ते यातल्या कशाचे नाहीत.

पहिले दोन दिवस तू मला घराच्या वरच्या अंगाला बसवायचीस. माझ्यापुढे कसाव्हा, दालो, नदीतला मासा. तुम्ही सगळे खाली ओळीनं बसलेले, आणि सून पंख्यानं माझ्या ताटावरच्या माश्या वारतेय. माझं होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचं नाही. रत्नागिरीच्या आमच्या घरात पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसायच्या, आणि त्यावरून भांडणारी पोर मीच होते. आता पंगतीतला पुरुष मी झाले होते. घास गिळेना. तुला वाटलं, जेवण आवडलं नाही. तू आणखी वाढलंस.

तिसऱ्या दिवशी चुलीपाशी तू दालोची पानं निवडत होतीस. पानं बघून मी जवळजवळ ओरडलेच. अळू गं ते! कोवळी, मिटलेली पानं वेगळी काढायची, देठ सोलायचे, सगळं तेच. आमची आई घसा खाजू नये म्हणून चिंच घालते, तू नुसतं शिजू शिजू शिजवतेस. मी शेजारी बसकण मारली. तू सुनेकडे बघितलंस, सून माझ्याकडे, आणि मग तू पायानं ती बैठक माझ्याकडे सरकवलीस. लाकडाची, पुढे लोखंडी जीभ, जिभेला दात. आमच्याकडे याला खवणी म्हणतात.

मी बसले, वाटी धरली आणि खवायला लागले. बाहेरून आत, कडेकडेनं, काळी पाठ न खरवडता. आजोळी आजीनं शिकवलं होतं, वीस वर्षं हात लावला नव्हता. पहिली वाटी संपली तेव्हा तुम्ही तिघी टाळ्या वाजवत होतात, यांगोनाच्या वेळी वाजवता तशा, मुद्दाम गंभीर चेहऱ्यानं. दुसऱ्या वाटीला मी चिमूटभर खोबरं तोंडात टाकलं आणि तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. लागली चांगली.

त्या रात्री मला वरच्या अंगाला कुणी बसवलं नाही. दाराजवळ, सुनेच्या शेजारी, लोलोतलं, म्हणजे नारळाच्या दुधातलं, अळू सगळ्यांबरोबर एकाच वेळी. शहरातून आलेला तुझा लेकीचा मुलगा मामाच्या ताटातला मासा उचलून खात होता आणि मामा काही बोलत नव्हता. तो वासू आहे, त्याचा हक्कच आहे, असं सून म्हणाली. भाच्यांचे लाड मला समजावून सांगायची गरज नव्हती. मामाला तुम्ही 'मोमो' म्हणता हे कळल्यावर तर मी हसतच सुटले.

तर आभार त्या चापटीचे.

आणि चटईचे. मी तिची लोकरीची झालर छान आहे म्हटलं, आणि निघताना ती गुंडाळून माझ्या खांद्यावर. पुढच्या वेळी तोंड आवरीन. ऑकलंडला तपासणीवाल्यानं ती पूर्ण उलगडली, वास घेतला, विचारलं हा कसला धूर? मी म्हटलं, चुलीचा. सोडलं त्यानं. तू बांधून दिलेला कसाव्हा मात्र तो घेणार हे माहीत होतं, म्हणून नांदीच्या विमानतळावर रांगेत उभी राहून सगळा खाल्ला. कोरडा, मिठाशिवाय. घशात अडकत होता.

तुझ्या खवणीचे दात बोथट झालेत, हे तेव्हा बोलले नाही. रत्नागिरीत भावाला सांगून लोहाराकडून नवीन जीभ करून घेतलीय. जुलैत येतेय, तेव्हा नदी खाली असते. टोपी पिशवीत ठेवीन.

तुझी,
खोबरं चोरणारी