पोर्ट लुईमध्ये भेटलेल्या मराठीच्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मॉरिशसमधील पोर्ट लुईच्या बाजारात ‘ढोल पुरी’ अशी पाटी वाचून हसत उभ्या राहिलेल्या पुण्याच्या एका जोडप्याला आपण, “आपण महाराष्ट्रातून आला आहात काय?” असे विचारले होते. ते जोडपे म्हणजे आम्ही. निरोप घेताना आपले नाव आणि पत्ता लिहून घेण्याचे भान आम्हा दोघांपैकी एकालाही राहिले नाही, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे. आपण बरीच वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवले आणि घरात मात्र क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोलीच बोलली जाते, असे आपण सांगितले होते. आमच्या तोंडून ‘अ‍ॅक्च्युअली’ आले की आपण किंचित थबकत होता, हे माझ्या लक्षात आले होते. तो शब्द या पत्रात पुन्हा येणार नाही.

त्या दिवशी आमच्या हातात एक यादी होती. टेकडीवरचा किल्ला, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, डोडो पक्ष्याचा सांगाडा, चिनी वस्ती आणि आप्रवासी घाट, एवढे सगळे दुपारी चारच्या आत उरकायचे होते. माझ्या यजमानांचा गुडघा आदल्या रात्रीपासून दुखत होता, तरीही पैसे खर्च करून आलो आहोत म्हणजे सगळे पाहिलेच पाहिजे, हा आपल्याकडचा हट्ट काही सुटत नव्हता. आपण यादी मागून घेतली, पर्समधून पेन काढले आणि वहीतल्या चुका खोडाव्यात तशी पहिली चार नावे खोडून टाकलीत. “आधी खा,” एवढेच आपण म्हणालात.

दालपुरी, म्हणजेच पाटीवरची ती ‘ढोल पुरी’, तिथे जोडीनेच मिळते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, भरडून मऊ पोळीत भरायची, आणि त्या दोन पोळ्यांवर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची चटणी व लोणचे घालून कागदात गुंडाळून हातात द्यायची. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर ती बिचारी होईल असे मला आजवर वाटत असे. ते मत मी तिथेच, उभ्या उभ्या, मागे घेतले. त्यानंतरचा आलुदा, म्हणजे आपल्या फालुद्याचाच सब्जा घातलेला भाऊबंद, आपण आम्हाला बसून प्यायला लावलात आणि पैसे देऊ दिले नाहीत. त्याबद्दल स्वतंत्र आभार.

आप्रवासी घाटावर आपण आमच्यासोबत आलात, ही खरी कृपा. बाजारापासून तो किती जवळ आहे! गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्यास 1834 मध्ये सुरुवात झाली, 1849 मध्ये या जागी त्यांना उतरवून घेण्याचे ठाणे उभे राहिले आणि 2006 मध्ये ते जागतिक वारसा ठरले, हे सारे फलकांवरून आम्हाला कळलेच असते. परंतु दगडी पायऱ्यांपाशी उभे राहून, आपले खापरपणजोबा मुंबईहून जहाजात बसले होते आणि त्यांच्या नोंदीचा उतारा आपण मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून मिळवला आहे, हे आपण ज्या सावकाशीने सांगितले, ते कोणत्याही फलकावर नव्हते. त्या नोंदीतील गावाचे नाव आपण आलुद्याबरोबर मिळालेल्या कागदी रुमालावर रोमन अक्षरांत लिहून दिले आणि हे कुठे असेल, असे विचारलेत. आम्हाला सांगता आले नाही.

पुढचा दिवस आपण आखून दिला तसाच गेला. कंपनी गार्डनमधील वडाखाली आम्ही तासभर नुसते बसलो. माझे यजमान तर चक्क झोपले. मग कोदाँच्या धक्क्यावरील ब्लू पेनी संग्रहालयात 1847 सालची ती दोन दुर्मीळ टपाल तिकिटे पाहिली, एक पेनीचे तांबडे आणि दोन पेन्सचे निळे. मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी काही मिनिटेच दिवा लागतो, एरवी प्रतिकृतीच पाहावी लागते, हे आपण बजावले नसते तर आम्ही प्रतिकृतीलाच नमस्कार करून बाहेर पडलो असतो. संध्याकाळी बंदराकडे पाहत गरम गातो पिमाँ खाल्ले. डाळवड्याचे हे धाकटे भावंड पावात घालूनही खातात, हे आपलेच शिक्षण.

आता त्या रुमालाविषयी. आमच्या इमारतीत चिपळूणकडील एक आजोबा राहतात. त्यांना तो दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले, मग डोळे मिटून मोठ्याने ‘मकजून, मकजून’ असे म्हटले आणि म्हणाले, “अहो, हे माखजन असणार.” ते रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, गडनदीच्या काठी आहे. जहाजावरच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले असावे, असा त्यांचा तर्क. केवळ एका शब्दावरून खात्रीने सांगणे योग्य नव्हे, हे मलाही समजते. तरी आपल्याकडील उताऱ्यात तालुक्याचे नाव आहे का, ते कृपया पाहावे आणि हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले तर तेवढे अवश्य कळवावे. पावसाळा संपल्यावर आम्ही दोघे एसटीने तिकडे जाऊन येणार आहोत. जाताना यादी करणार नाही.

कळावे,

आपली नम्र,
दालपुरीच्या जोडीतील एक