चेक्सचा शर्ट

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडलो आणि तू आईशीही न बोलता फोन ठेवलास. म्हणून हे पार्सलमध्ये घालतोय. समजावायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

फक्त एवढंच, की मेडिकलच्या नीट परीक्षेला फुल बाह्या चालत नाहीत. बूट नाही, घड्याळ नाही, अंगावर धातू नाही. पेनसुद्धा तेच देतात, म्हणजे तुझा दहावीचा पेनही बाहेरच. आणि तू म्हणतोस, चेक्सचाच शर्ट घालणार, गेल्या वर्षी तो नव्हता म्हणून मार्क कमी पडले. बाह्या कापून देतो म्हटलं तर म्हणालास, कापला की लक जाईल. तीस वर्षं कात्री चालवतोय, लक बाहीत असतं हे मला ठाऊक नव्हतं.

चिडू नकोस. मी तरी कुठला शहाणा? 1983 ला मी दहा वर्षांचा. मोहिंदर अमरनाथ खिशात लाल रुमाल ठेवतो, वर्ल्ड कपच्या फायनलला त्यानं 12 धावांत 3 बळी घेतले, हे गल्लीत कळलं आणि आम्ही अण्णांच्या मशीनखालचं लाल कापड पळवलं. मी माझा तुकडा सहामाहीला घेऊन गेलो. गणितात नापास. अण्णांनी बडवलं ते मार्कांसाठी नाही, तो तुकडा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचा होता म्हणून. आणि आपले ते पुढारी दर निवडणुकीला तेच जाकीट पोटावर उसवून घेतात. तीनदा पडलेत. शिलाई मात्र रोख देतात.

मला भीती एकच. गेटवर सगळ्या पोरांदेखत 'हा चालणार नाही' म्हणाले, तर तिथंच तुझे हातपाय गळतील. 180 प्रश्नांना 180 मिनिटं, त्यातली पहिली वीस शर्टाच्या दुःखात जातील. बघ, पुन्हा तेच बोललो. माफ कर.

तो शर्ट शिवला तेव्हा तू नववीत होतास. काकाच्या साखरपुड्याचं उरलेलं कापड. वाढतं अंग म्हणून आत दोन बोटं माया जास्त सोडली होती. दर वर्षी उसवून देत गेलो, आता शिवणीत काही उरलेलं नाही. लाईट गेली की तो घालून तू दुकानाच्या पायरीवर केमिस्ट्री पुटपुटायचास. कुणी विचारलं तर मी सांगायचो, डॉक्टर होणारे आमचा. फार लोकांना सांगितलं मी. एवढं सांगायला नको होतं.

सोबत हाफ बाहीचा शर्ट आहे. फिका रंग, साधी प्लॅस्टिकची बटणं, खिसा एकच. हळदीकुंकवाचं बोट आईनं लावलंय, ते आतून लावायला मी सांगितलं. एकदा घालून बघ, खांद्यात आवळतो का ते कळव. जुनाच घालून जायचं असेल तर जा, पण नव्याची पिशवी मामाच्या हातात राहू दे.

आजीचा ताईत तांब्याचा आहे, तपासणीचं मशीन वाजेल. गेटाआधीच काढून मामाजवळ दे. आईला मी काही सांगत नाही.

गेट दीडला बंद होतं. अकरालाच जा.

बाबा