ती दाढ दुधाची नसते!

महोदय,

शाळेतल्या तपासणीत पहिली-दुसरीच्या मुलाची मागची दाढ किडलेली निघते आणि पालक म्हणतात, ‘पडेलच की, दुधाची आहे.’ ती दुधाची नसते, कायमची असते. वयाच्या ६व्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता ती गुपचूप येते. वर येईतो शेजारणीपेक्षा बुटकी राहते. ब्रश तिच्यावरून नुसता सरकतो आणि खोल खाचांत बिस्किटाचा लगदा बसतो. ब्रश गालाकडून आडवा घालून ही दाढ वेगळी घासावी. पूर्ण वर आली की खाचा सीलंटने, म्हणजे दातावर चिकटणाऱ्या पातळ लेपाने, बुजवता येतात. भूल लागत नाही, ड्रिलही सहसा नाही.

पेस्ट निदान १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची: ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी. (जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट विसरा.) फेस थुंकावा, चुळा भरू नयेत. ७-८ वर्षांपर्यंत रात्रीचे दात पालकांनीच घासावेत. बाटली तोंडात ठेवून झोपवणे तर पहिला दात दिसताच बंद.

मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे बालदंत विभाग आहे.

– एक बालदंतवैद्य, दादर