प्रस्तावांच्या परीक्षणाची नोकरी: चि. मुक्तास पत्र

परभणी

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधनाची नेमणूक, संपत आली असताना प्रयोगशाळा सोडून संशोधन-अनुदानाच्या प्रस्तावांचे परीक्षण चालवणाऱ्या नोकरीत जावे का, असे तू विचारलेस. फोनवर तुकड्यातुकड्यांनी बोलण्याचा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. तू जावेस, पण प्रयोगशाळेत पुढची जागा मिळत नाही म्हणून पत्करलेली सोय अशा भावनेने जाऊ नयेस. हे काम मन लावून करणारा माणूस किती जणांचे संशोधन मार्गी लावतो आणि बेफिकीर माणूस किती जणांची वर्षे वाया घालवतो, हे मी वनस्पतिशास्त्र शिकवताना जवळून पाहिले आहे.

तुझ्या काकांनी परवा विचारले, की एवढी पीएच.डी. करून शेवटी फायलीच हलवायच्या का. त्यांना सांगितले तेच तुलाही लिहितो. आलेला प्रस्ताव वाचून त्यातला खरा प्रश्न कोणता आणि तो तपासायला कोणकोणत्या विषयांचे ज्ञान लागेल हे ओळखणे, देशातून आणि परदेशातून त्या विषयांचे जाणकार शोधणे, त्यांचे अर्जदाराशी गुरू-शिष्याचे, सहलेखनाचे, भागीदारीचे किंवा उघड वैराचे नाते नाही ना याची खातरजमा करणे, मागे लागून वेळेत अभिप्राय मिळवणे, समितीची बैठक पार पाडणे आणि अर्जदाराला उपयोगी पडेल असा लेखी निष्कर्ष तयार करणे, ही सगळी कामे स्वतः संशोधनात हात पोळून घेतलेल्या माणसालाच नीट जमतात. प्रयोग फसण्याची कारणे ज्याने अनुभवली आहेत, त्यालाच परीक्षकाचा आक्षेप रास्त आहे की नुसता तिरकस आहे हे कळते.

या कामाची घडी कशी बसवता येते हे पाहायचे असेल तर अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, पद्धत समजून घे. तिथे 1946 पासून प्रस्तावांच्या परीक्षणासाठी वेगळा विभाग आहे. आज त्याला सेंटर फॉर सायंटिफिक रिव्ह्यू म्हणतात. तिथला सायंटिफिक रिव्ह्यू ऑफिसर परीक्षण चालवतो, आणि संशोधकाला विषयाबाबत सल्ला देऊन मंजूर प्रकल्पाचा पाठपुरावा करणारा प्रोग्रॅम ऑफिसर निराळा असतो. ही दोन कामे मुद्दाम वेगळ्या माणसांकडे ठेवली आहेत, कारण ज्याला विशिष्ट विषय पुढे न्यायचा आहे त्याच्याच हाती परीक्षकांची निवड असू नये. परीक्षण समितीच्या बैठकीआधी प्रत्येक प्रस्ताव साधारणपणे तिचे तीन सदस्य बारकाईने वाचतात आणि 1 ते 9 असे गुण देतात. 1 म्हणजे सर्वोत्तम. या प्राथमिक गुणांत मागे पडलेल्या, साधारण निम्म्या प्रस्तावांवर बैठकीत चर्चा होत नाही, मात्र त्यांच्या अर्जदारांनाही लेखी अभिप्राय मिळतात. प्रत्यक्ष बैठकीत ज्या सदस्याचे हितसंबंध गुंतलेले असतील तो उठून बाहेर जातो, नेमून दिलेले तिघे आपले म्हणणे मांडतात, बाकीचे शंका विचारतात, आणि मग प्रत्येक जण आपला गुण गुप्तपणे नोंदवतो. त्या गुणांच्या सरासरीला दहाने गुणून 10 ते 90 मधला अंतिम आकडा निघतो. त्यानंतर प्रस्ताव सल्लागार परिषदेपुढे जातो, म्हणजे एकाच समितीच्या हाती सगळे राहत नाही.

या सगळ्यात परीक्षण चालवणाऱ्या ऑफिसरला स्वतःचा गुण देता येत नाही. निवडणुकीत केंद्राध्यक्षाची ड्यूटी लागली की आम्हा शिक्षकांना जे भान ठेवावे लागे, तेच इथे लागते: निकाल आपण लावायचा नसतो, पण तो निकाल लोकांनी मानावा की नाही हे आपल्या दक्षतेवर ठरते. वरिष्ठ प्राध्यापकाने मोठ्या आवाजात मत मांडले आणि बाकीचे गप्प बसले, तर नवख्या सदस्याला नाव घेऊन बोलते करणे, अर्जदाराच्या संस्थेच्या नावावर शेरा आला तर चर्चा पुन्हा प्रस्तावावर आणणे, दुपारच्या जेवणानंतर सगळे पेंगुळलेले असताना चर्चेला आलेल्या प्रस्तावालाही सकाळच्या प्रस्तावाइतकाच वेळ मिळतो का ते पाहणे, हे त्याचे काम. तुझा स्वभाव मितभाषी आहे, पण अन्याय दिसला की तू गप्प बसत नाहीस, म्हणून हे तुला जमेल असे मला वाटते.

परीक्षक निवडण्यावर मी एवढा भर का देतो, तर त्याला आधार आहे. विज्ञान संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले आणि निकाल लागून गेलेले दीडशे प्रस्ताव पुन्हा नव्या परीक्षकांकडे पाठवून केलेला एक अभ्यास 1981 साली प्रसिद्ध झाला. प्रस्तावाचे भवितव्य जवळपास निम्मे त्याच्या गुणवत्तेवर आणि निम्मे तो कोणत्या परीक्षकांच्या हाती पडला या योगायोगावर ठरते, असे त्यात दिसले. जाणकार माणसेसुद्धा प्रामाणिकपणे परस्परविरोधी मते देतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण मग परीक्षक निवडणाऱ्याची जबाबदारी किती वाढते ते बघ. दुसरी गोष्ट स्वीडनची. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पोस्टडॉक फेलोशिपच्या अर्जदारांना दिलेले गुण दोन महिला शास्त्रज्ञांनी कायद्याच्या आधारे मिळवले, आणि 1997 साली दाखवून दिले, की पुरुष अर्जदाराइतके गुण मिळवण्यासाठी स्त्रीला सुमारे अडीचपट अधिक संशोधन करून दाखवावे लागत होते. समितीतल्या कोणी ‘मी बायकांना कमी गुण देतो’ असे म्हटले नसेल, पण आकड्यांनी ते उघड केले. तू या कामात गेलीस तर असे आकडे स्वतःहून काढून बघत जा, कोणी मागण्याची वाट पाहू नकोस.

आता आपल्या भागाविषयी. इथल्या महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून जाणाऱ्या प्रस्तावांचे मोठे दुखणे नकाराच्या पत्रात असते. माझ्या एका प्रस्तावाला वर्षभराने आलेले उत्तर अजून माझ्याकडे आहे: पाव पान कोरा कागद, वर संदर्भ क्रमांक, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की समितीने शिफारस केलेली नाही. प्रश्न चुकीचा होता, पद्धत कच्ची होती, की खर्च जास्त मागितला होता, यातले काहीच त्यातून कळत नव्हते. पुण्या-बंगळुरूच्या संस्थेतल्या संशोधकाला असे पत्र आले तर शेजारच्या खोलीतल्या अनुभवी सहकाऱ्याकडून तो कारण समजून घेतो आणि पुढच्या वर्षी सुधारून पाठवतो. हिंगोलीच्या किंवा अंबाजोगाईच्या प्राध्यापकाला असा शेजार नसतो. तो पुन्हा प्रस्तावच लिहीत नाही. नकाराबरोबर दोन पाने नेमके अभिप्राय आले तर तीच त्याची शिकवणी होते. मुक्ता, तुझ्या हातून जाणारे नकाराचे प्रत्येक पत्र असे असावे, की ते वाचून माणूस पुन्हा टेबलाशी बसेल.

त्याच्याच जोडीला कोरडवाहू भागाचे प्रश्न समजणारा परीक्षक मिळणे ही दुसरी अडचण. पिवळ्या शिरांच्या विषाणूजन्य रोगाला त्या काळी दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी आपल्याच कृषी विद्यापीठातली. रानटी जातीशी संकर करून, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ती सिद्ध झाली. असे काम तीन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही, आणि केवळ शोधनिबंधांच्या संख्येवर तोलले तर पहिल्या वर्षीच हलके भरते. तुरीवरच्या मर रोगाचा प्रस्ताव आला, तर रेणवीय जीवशास्त्रज्ञाबरोबर काळ्या जमिनीत, पावसाच्या खंडात तूर पाहिलेला एक तरी माणूस परीक्षकांत हवा, हे तू सांगू शकशील. तुझे बालपण इथे गेले आहे, आणि ती जाण या नोकरीत तुझी जमेची बाजू ठरेल.

मात्र याच नात्याचा दुसरा पदर आहे. आपल्याकडे ओळखी लांबवर पसरलेल्या असतात, आणि ‘आपल्या माणसाचं जरा बघा’ हे वाक्य लोक अगदी निरागसपणे बोलतात. तू त्या खुर्चीवर बसलीस की माझे जुने सहकारी, विद्यार्थी, सोयरे, कोणी ना कोणी माझ्याकडे येईल. त्यांना काय सांगायचे ते मी ठरवले आहे: मुलीच्या कचेरीची गोष्ट या घरात निघत नाही. प्रस्ताव कोणाचा आला, परीक्षक कोण होता, बैठकीत कोण काय म्हणाले, हे मी तुला कधी विचारणार नाही आणि तूही आपणहून सांगू नकोस. ओळखीच्या माणसाचा अर्ज तुझ्याकडे आला, तर त्याच दिवशी लेखी कळवून ती फाईल दुसऱ्याकडे सोपवायला सांग. मन स्वच्छ आहे म्हणून ती जवळ ठेवू नकोस. बाहेरच्याला तुझे मन दिसत नाही.

जागांविषयी मला जेवढे ठाऊक आहे ते असे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजे एएनआरएफमध्ये, संशोधनाला अनुदान देणारे केंद्र सरकारचे जुने मंडळ एसईआरबी विलीन झाले आहे, आणि 2023 ते 2028 या पाच वर्षांसाठी 50,000 कोटी रुपयांचे उद्दिष्ट त्यापुढे ठेवले आहे. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून उभा राहायचा आहे. नामांकित संस्था केंद्रस्थानी ठेवून राज्य विद्यापीठांना तिच्याशी जोडणारी ‘पेअर’ योजनाही त्यांचीच, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने मला ती विशेष मोलाची वाटते. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इथे शास्त्रज्ञ म्हणून भरती होते. शास्त्रज्ञ ‘सी’ हे पद वेतनस्तर 11 मध्ये, म्हणजे मूळ वेतन 67,700 रुपयांपासून सुरू होते. हैदराबादला जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून 2008 साली उभारलेली, संशोधकांना फेलोशिप देणारी इंडिया अलायन्स ही संस्था आहे. तिथे फेलोशिपच्या अर्जांचे बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण आणि त्यानंतर मुलाखत अशी पद्धत आहे, आणि पीएच.डी. झालेली मंडळी हे काम सांभाळतात. तुझ्या आईला हैदराबाद पसंत पडेल हे उघड आहे; रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी तिथे. पण तिच्या पसंतीवर तू निर्णय घेऊ नकोस.

गमवावे लागेल ते मी लपवत नाही. शोधनिबंधावर तुझे नाव येणे जवळपास थांबेल. ज्या प्रकल्पाला तुझ्या दक्षतेमुळे न्याय मिळाला, त्याच्या आभारात तुझा उल्लेख नसेल, आणि नसावाच. दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेपासून दूर राहिल्यावर तिथे परतणे अवघड होते, कारण तंत्रे झपाट्याने बदलतात आणि निवड समित्या मधली रिकामी वर्षे मोजतात. ज्यांचे प्रस्ताव नाकारले गेले त्यांचा राग तुझ्यावर निघेल. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथमच काही दिसल्यावर तू रात्री अकराला आम्हाला फोन केला होतास, तो आनंद या कामात नाही. त्याची उणीव तुला किती भासेल, हे फक्त तूच सांगू शकतेस. माझा आग्रह एवढाच आहे, की उत्तर शोधताना थकव्याला मध्ये बोलू देऊ नकोस. चार दिवस सुट्टी घे, झोप काढ आणि मग ठरव.

जायचे ठरलेच तर तयारी आजपासून कर. तुझ्या विषयातल्या नियतकालिकांकडून परीक्षणासाठी शोधनिबंध मागून घे आणि ते स्वतःच्या नावाने कर. गाइडच्या नावाखाली केलेले परीक्षण कुठे नोंदले जात नाही. महिन्यातून एक तरी प्रस्ताव किंवा निबंध आपल्या विषयाबाहेरचा वाच, आणि तो एका पानात असा मांड, की मला, निवृत्त शिक्षकाला, त्यातला प्रश्न, नावीन्य आणि धोका तिन्ही कळावेत. कळले नाही तर मी परत पाठवीन. दुसऱ्याचा अप्रकाशित प्रस्ताव चॅटजीपीटीसारख्या साधनाला वाचायला देऊ नकोस. एनआयएचने 2023 मध्ये परीक्षकांना यावर बंदी घातली, आणि गोपनीयतेचा विचार केला तर ती योग्यच आहे.

मुलाखतीत तूही त्यांना प्रश्न विचार. एका अधिकाऱ्याकडे एका फेरीत किती प्रस्ताव येतात, नकाराबरोबर पूर्ण अभिप्राय पाठवतात का, परीक्षकांची यादी कोण अंतिम करतो, आणि तुझी यादी वरून बदलली गेली तर कारण लेखी मिळते का, हे चार प्रश्न चुकवू नकोस. शेवटच्या प्रश्नावर ते अडखळले, तर पगार कितीही चांगला असला तरी मला कळवल्याशिवाय होकार देऊ नकोस. अर्जाबरोबर जोडायचे तुझ्या कामाचे एका पानाचे टिपण आधी माझ्याकडे पाठव, मी लाल शाईने वाचून दोन दिवसांत परत करतो.

तुझे
अण्णा